अर्धा सूर वर

भातेकाकांचं बोट सकाळपासून तिसऱ्यांदा त्याच जागी अडखळलं. गाणं त्यांचंच होतं. चाल त्यांनी बांधलेली, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी वाजवलंही त्यांनीच. आणि तरी ते परक्याच्या घरात दिव्याचं बटण शोधावं तसे पट्ट्या चाचपत होते. त्यांनी अकॉर्डियनचा भाता मिटला, वरचा चामडी पट्टा अडकवला आणि समोरच्या भिंतीला सांगितलं, "मूर्खपणा आहे सगळा."

"कोणाचा?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोणाचा म्हणजे? त्या सभागृहाच्या व्यवस्थापकाचा."

"बरं."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या या 'बरं'चे पाच-सहा प्रकार झाले होते. आजचा होता, 'पटलेलं नाही, पण दूध गॅसवर आहे' यातला.

भातेकाका हे नाव त्यांना गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. ती पोरं आता टक्कल पडलेले बाप झाली होती, नाव मात्र तुकतुकीत राहिलं होतं. एकाहत्तर वर्षांचे काका सकाळी वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लोकांची बिघडलेली वाद्यं दुरुस्त करत आणि दुपारी घरी दोन-तीन शिकवण्या घेत. तेवढ्यावर माणूस गल्लीबाहेर कोणाला माहीत होत नाही. पण काकांच्या नावावर एक रेकॉर्ड होती. आठ गाण्यांची, निळ्या वेष्टनाची. लोक तिला 'निळी रेकॉर्ड' म्हणत. त्यात अकॉर्डियन काकांचं होतं आणि आवाज त्यांच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा. ज्यांच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं, त्यांनाही ती गाणी पाठ होती.

आता शहराच्या सभागृहाने ती सगळी रेकॉर्ड एका संध्याकाळी रंगमंचावर वाजवायची ठरवली होती, पहिल्या गाण्यापासून आठव्यापर्यंत, त्याच क्रमाने. फलकावर मोठ्या अक्षरांत होतं, 'निळी रेकॉर्ड, जशीच्या तशी'. काका हो म्हणाले ते फलक लागायच्या आधी. 'जशीच्या तशी' हे शब्द त्यांनी नंतर वाचले, बसमधून, आणि एक थांबा पुढे उतरले.

अडचण अशी होती की रेकॉर्डच मुळात जशीच्या तशी नव्हती.

ताई गायली होती पांढरी एकमध्ये. म्हणजे तिचा सा पहिल्या पांढऱ्या पट्टीवर, अकॉर्डियनवर हाताला सगळ्यात सरळ पडणारी जागा. निळी रेकॉर्ड वाजते काळी एकमध्ये, अर्धा सूर वर, जिथे बोटांना सारखी काळ्या पट्ट्यांच्या कुंपणावरून उडी मारावी लागते. आणि सूर चढला तशी लयही वाढली होती. चार मिनिटांचं गाणं पावणेचार मिनिटांत संपायचं. त्या लयीत ती गाणी कोणी कधी वाजवलीच नव्हती, काकांनीही नाही. तरी गेले तीन आठवडे ते काळी एकमध्ये घाम गाळत होते आणि रोज सकाळी त्याच जागी अडखळत होते.

तालीम सभागृहाच्या मागच्या लांबट खोलीत होती. भिंतीशी मोडक्या खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसवलेल्या होत्या. मंडळी तिघं: कीबोर्डवाला, ड्रमवाला आणि गायिका. तिघंही तिशीच्या आसपासची, नम्र आणि तयारीची. त्यांनी रेकॉर्ड इतकी ऐकली होती की ताईने कुठे श्वास घेतला तेही त्यांना ठाऊक होतं.

"काळी एक ना, काका?" कीबोर्डवाल्याने विचारलं.

"पांढरी एक."

"रेकॉर्डवर काळी एक आहे."

"रेकॉर्डवर आहे. खोलीत नव्हती."

कीबोर्डवाल्याने ड्रमवाल्याकडे पाहिलं. "मला काय, कुठलीही चालेल. एक बटण दाबलं की सगळं अर्धा सूर वर. तुमच्यात तसं बटण नाही का?"

"माझ्यात एकशे वीस बटणं आहेत," काका म्हणाले. "एकही असला चावटपणा करत नाही."

ड्रमवाला हसला. गायिका मात्र चिंतेत पडली. "काका, खाली घेतलं तर माझा आवाज तसा लागत नाही. ताईंचा तो कोवळेपणा जातो."

"जायलाच हवा. तो तिचा नव्हताच."

गायिकेने मान डोलावली. शाळेत गणित न समजलेली शहाणी मुलं डोलावतात तशी.

त्या दिवशी त्यांनी काळी एकमध्येच तालीम केली. काका पाचव्या गाण्यात दोनदा थांबले. "असू दे काका, सावकाश," असं तिघांनीही एकेकदा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तिथून ते तडक व्यवस्थापकाच्या खोलीत गेले. व्यवस्थापक सभ्य माणूस होता. बोलताना टेबलावरच्या पेन्सिली एका रांगेत लावायची त्याला सवय होती.

"काका, लोक चव्वेचाळीस वर्षं जे ऐकतायत ते आता त्यांचं झालंय. तुमचं कुठे राहिलं?"

"मग मला कशाला बोलावलंत? रेकॉर्डच लावा."

"लावली असती. पण तिला स्टेजवर चढता येत नाही." त्याने एक पेन्सिल सरळ केली. "आणि रागावू नका, पण लय कमी केलीत तर लोकांना वाटेल, तुम्हाला आता तो वेग झेपत नाही."

'तो मला कधीच झेपला नव्हता.' हे वाक्य काकांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं. कारण ते बोललं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

पुढचं असं होतं. ती गाणी भरली एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत, दोन दिवसांत, भर दुपारी. खाली धुलाईची यंत्रं चालू झाली की वरच्या खोलीतले दिवे पिवळे पडत. टेपचं यंत्रही त्याच विजेवर चालायचं, तेही मंदावलं. सगळ्यांनी तिथल्या तिथे ऐकलं तेव्हा यंत्र तेवढंच मंद होतं, म्हणून कोणाला काही कळलं नाही. मग टेप कारखान्यात गेली. तिथे वीज भरपूर. हळू भरलेली टेप जोरात फिरली, आणि सूर आणि लय दोन्ही चढली.

कारखान्याने नमुन्याची रेकॉर्ड काकांकडे पाठवली. सोबत उत्तराचं पोस्टकार्ड होतं: पसंत असल्यास कळवावे. काकांनी ती लावली, बरोबर अकॉर्डियन धरलं, आणि पहिल्याच सुराला दात शिवशिवले. पांढरी एक सोडून काळी एक धरली, तेव्हा जुळलं. काय झालंय ते त्यांना पाच मिनिटांत समजलं. पण त्याच पाच मिनिटांत त्यांनी आपली बोटंही ऐकली होती. कशी धावत होती! आठव्या गाण्याच्या शेवटी तर ती पट्ट्यांना टेकतच नव्हती. सत्तावीस वर्षांचं वय. त्यांनी गाणं चार वेळा ऐकलं आणि पोस्टकार्डावर लिहिलं, 'पसंत आहे.' ताईला दाखवलंही नाही.

ताईचा आवाज जाड होता, भरदार, खालच्या सुरांत मातीच्या मडक्यासारखा घुमणारा. रेकॉर्डवर तो नितळ, कोवळा झाला. लोक त्या कोवळ्या आवाजावर लुब्ध झाले. मग ताईला कार्यक्रमांना बोलावलं, आणि ती स्वतःच्या आवाजात गायली. पहिल्या कार्यक्रमानंतर एका बाईंनी तिलाच विचारलं, "रेकॉर्डवरची मुलगी नाही आली का?" दुसऱ्या कार्यक्रमाला मागच्या रांगा अर्ध्यातून उठल्या. तिसरा झालाच नाही. ताईला वाटलं, मायक्रोफोनला जे ऐकू येतं तेच खरं. रेकॉर्ड भरताना मी बरी गायले असेन, समोरासमोर माझा आवाज जडच आहे. तिने टेलिफोन ऑफिसात नोकरी धरली आणि अठ्ठावीस वर्षं लोकांचे कॉल जोडले. गाणं म्हटलंच नाही. काका दर रविवारी तिच्याकडे जात, आणि दर रविवारी सांगायचं राहून जाई.

आता काकांना दोनच गोष्टी हव्या होत्या. तिच्या देखत, एकदा तरी, ती गाणी तिच्या पट्टीत व्हावीत. आणि त्याच्या आधी तिला खरं कळावं. हे दोन्ही होत नव्हतं, आणि कार्यक्रमाचा शनिवार आठ दिवसांवर आला होता.

त्या रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. बायको चादरींच्या घड्या घालत होती.

"तुम्ही काहीतरी लपवताय हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, एखादी बाई असेल."

"बाईच आहे. ताई."

"मग मला काय सांगताय? हे टोक धरा. आणि उद्या तिच्याकडे जा."

ताई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. काका पोचले तेव्हा ती जुना स्वेटर उसवत बसली होती.

"बरा आलास, धाकट्या. हात पुढे कर."

काकांनी दोन्ही हात पुढे केले. ताईने उसवलेल्या लोकरीची लड त्यांच्या मनगटांवर चढवली आणि समोर बसून गुंडा करायला लागली. आता काकांना ना हात हलवता येत होते, ना उठून खिडकीपाशी जाता येत होतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. लॉन्ड्री, दिवे, टेप, पोस्टकार्ड. ताईचे हात गोल गोल फिरत राहिले.

"म्हणजे तो आवाज माझा नव्हता," ती शेवटी म्हणाली.

"तुझाच. पण चढवलेला."

"किती?"

"अर्धा सूर."

"आणि तुला कळलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"माझी बोटं छान वाटत होती."

लोकर वेगाने जायला लागली. काकांच्या मनगटांना काचत होतं.

"मी तेव्हा आरशासमोर उभी राहून बारीक आवाजात गायला शिकत होते," ताई म्हणाली. "सहा महिने. घसा सोलून निघाला. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही भांडता का कोणाशी? मी म्हटलं, नाही हो, मी एकटीच असते."

"हे मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असेल? तू बोटं ऐकत होतास."

लड संपली. शेवटचा धागा काकांच्या हातून सुटला तरी त्यांचे हात तसेच हवेत राहिले.

"खाली घे ते हात," ताई म्हणाली, "आणि जा आता. तू इथे बसलास तर मी काहीतरी बोलेन, आणि या वयात बोललेलं परत घ्यायला वेळ पुरत नाही."

काका तीन मजले उतरले. सांगितलं की हलकं वाटतं, असं लोक म्हणतात. काकांना काही तसं वाटलं नाही. उलट चव्वेचाळीस वर्षं एकट्याने उचललेलं ओझं त्यांनी आता एका म्हातारीच्या डोक्यावर ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकाचा फोन आला.

"काका, पांढरी एक."

"काय?"

"पांढरी एक करू या. आणि लयही तुमची. ताईंचा फोन आला होता."

"काय म्हणाली?"

"तीन मिनिटं बोलल्या. आवाज जराही चढवला नाही. मी दोनदा नुसतं 'हो' म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी कबूल झालोय."

काकांनी फोन ठेवला. तीन आठवडे ते डोकं आपटत होते, आणि तिने तीन मिनिटांत काम केलं. आनंद व्हायला हवा होता. त्यांनी ताईला फोन लावला. तिने उचलला नाही. दिवसभरात चार वेळा लावला. आयुष्यभर फोन उचलण्याची नोकरी केलेल्या बाईला फोन न उचलणंही उत्तम जमत होतं.

शनिवारी संध्याकाळी सहाला सभागृह भरलं. ताई आली होती. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स उभी धरून. तिने काकांकडे पाहिलं नाही.

पहिलं गाणं पांढरी एकमध्ये सुरू झालं, आणि काकांच्या हातांना घरी आल्यासारखं वाटलं. एकही बोट अडखळलं नाही. गायिकेने मेहनत केली होती, खालचे सूर तिने नीट लावले. चार मिनिटांचं गाणं चार मिनिटं चाललं. पण पहिल्या रांगेतला एक गृहस्थ गुडघ्यावर ताल धरत होता, आणि त्याचं बोट सारखं पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा पुढे जायचं. त्याच्या डोक्यातली रेकॉर्ड काकांना स्टेजवरून दिसत होती.

तिसऱ्या गाण्यापर्यंत टाळ्यांमध्ये माया उतरली. वाजवणाऱ्याला टाळ्यांतली माया लगेच कळते, आणि तिच्याइतकं वाईट काही नसतं. कोणीतरी बाजूच्याला समजावत होतं, "वय झालं हो आता. पण बसलेत बघा कसे ताठ."

पाचव्या गाण्याआधी काकांनी मायक्रोफोन जवळ ओढला. "हे गाणं असंच आहे," ते म्हणाले. "मुळात असंच होतं. तुमच्या घरची रेकॉर्ड जोरात फिरते. ताईचा आवाज असा नव्हता."

सभागृह खळखळून हसलं. टाळ्याही पडल्या. काका अजून किती विनोदी बोलतात, असं सगळ्यांना वाटलं. काकांनी पुन्हा तोंड उघडलं, पण ड्रमवाल्याने तोवर काठ्या वाजवून लय दिली होती.

आठवं गाणं म्हणजे शेवटचं, आणि त्याचा शेवट बोटांचा. काका तिथे आले तेव्हा संध्याकाळभराचा राग त्यांच्या मनगटात उतरला होता. झेपत नाही म्हणतात. सरळ पट्टी होती, हात गरम होते. ते तालाच्या थोडेसे पुढे सरकले. ड्रमवाल्याने मान वर करून पाहिलं आणि शहाण्यासारखा मागोमाग आला. आणखी थोडे. पहिल्या रांगेतल्या गृहस्थाचं बोट आता बरोबर तालात पडत होतं. काकांची बोटं धावत सुटली, आणि गायिका शेवटच्या ओळी गिळत मागे धावली. सभागृह उभं राहिलं. या टाळ्या खऱ्या होत्या, त्यांत माया अजिबात नव्हती.

भाता मिटताना काकांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. सगळे उभे होते. ताई बसलेली होती.

बाहेरच्या दालनात लोक भेटायला आले. "शेवटच्या गाण्यात दाखवलंत की जुनं पाणी," व्यवस्थापक म्हणाला. एका बाईंनी ताईचा हात हातात घेतला. "मुलगी चांगली गायली. पण तुमचा तो कोवळा आवाज, तो काही वेगळाच."

"हो ना," ताई म्हणाली. "मलाही तो फार आवडायचा."

मग ती काकांपाशी आली. काका म्हणाले, "ताई, मी..."

"शेवटी पळालास."

"हो."

"टाळ्या ऐकल्यास आणि पळालास. तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतास, मी समजू शकते. आता?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती शेजारीच उभी होती, पण मदतीला आली नाही.

"उद्या चार वाजता ये," ताई म्हणाली. "ते धूड घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी काका अकरा किलोंचं अकॉर्डियन पाठीवर घेऊन तीन मजले चढले. ताईने दार उघडलं, खुर्ची दाखवली, पाणी विचारलं नाही. स्वतः टेबलाच्या कडेला एक हात टेकून उभी राहिली.

"आठवं. पांढरी एक."

काकांनी सुरुवात दिली. ताईने पहिली ओळ घेतली. चव्वेचाळीस वर्षांनी ऐकलेला तो आवाज अजूनही भरदार होता, पण वरच्या सुरावर जाताच कापडासारखा फाटला. ती खोकली.

"खाली घे."

काका अर्धा सूर खाली आले. पुन्हा फाटला.

"अजून खाली."

"ताई, फार खाली होईल."

"माझा आवाज आहे. मी सांगेन फार खाली कुठे होतं ते."

पांढरी सहावर तो बसला. गाण्यांच्या खऱ्या पट्टीपासून काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली, रेकॉर्डपासून चार. ज्या जागेसाठी काकांनी एवढी धडपड केली होती, ती पांढरी एकही आता तिची राहिली नव्हती. काकांना रडू यायला हवं होतं, पण आली ती चीड: स्वतःची, त्या पोस्टकार्डाची, खालच्या मजल्यावर कोणीतरी ठोकत असलेल्या खिळ्याची. नव्या पट्टीत बोटं चुकत होती. चूक झाकायला ती पुढे निघाली.

"पळू नकोस," ताई म्हणाली. "माझा श्वास पुरत नाही. मी थांबले की तू थांबायचं."

पहिल्याच कडव्यात ती तीनदा थांबली. तिन्ही वेळा काकांनी भाता अर्धा उघडा धरला आणि, खांदा भरून आला तरी, तिचा श्वास परत येईपर्यंत तसाच धरून ठेवला.